मोकळं रान

“ह्यात बगायचं काय?”

मामांनी हे विचारलं तेव्हा आम्ही वाळूच्या एका उंच टेकडीच्या अगदी कण्यावर उभे होतो. टोपीवरून टॉवेल गुंडाळलेला, वहाणा हातात, पायजमा पोटरीपर्यंत दुमडलेला. चारही चाकांतली निम्म्याहून जास्त हवा सोडलेली आमची गाडी खाली उभी होती. तिच्या सावलीत आमचा सिवाचा गाडीवाला चहाचं सामान मांडत होता. दक्षिणेकडे नजर जाईल तिथपर्यंत वाळूच होती, एकामागून एक लांबच लांब धारा, मध्ये सपाट पट्टे, पुन्हा धारा.

इजिप्तच्या पश्चिमेला, भूमध्य समुद्रावरच्या मर्सा मत्रूहपासून 300 किलोमीटर आत सिवा नावाचं ओअ‍ॅसिस आहे. खजूर आणि ऑलिव्हच्या बागा, खारी तळी आणि अरबीपेक्षा वेगळी, स्वतःची सिवी भाषा बोलणारी माणसं. बागा संपल्या की दक्षिणेला वाळूचा महासागर सुरू होतो. साधारण 72,000 चौरस किलोमीटर. मामांना मी सांगितलं, “आपल्या सातारा जिल्ह्यासारखे जवळजवळ सात जिल्हे यात बसतील.”

“बसतील, पर ऱ्हातील का?”

मी गेली अकरा वर्षं कैरोत आहे. या वाळूत माझी ही सातवी खेप. मामा पहिल्यांदाच विमानात बसले होते, तेही वयाच्या सत्तरीत, मी फारच आग्रह केला म्हणून. पिरॅमिड दाखवले तर म्हणाले, “दगूड चांगला बसवलाय.” संग्रहालयात पाय दुखतात म्हणून बाकावर बसून राहिले. म्हणून मग मला जे सगळ्यात प्रिय आहे तिथं त्यांना घेऊन आले.

“मला इथं काही नसणं बघायचं असतं, मामा,” मी म्हटलं. “इथं कुणाची मालकी नाही. कुणाचा आवाज नाही. काल इथून कुणी चालत गेलं असेल तर त्याचं पाऊल आज दिसत नाही. आई गेली त्या वर्षी मी इथं येऊन दोन रात्री राहिले. घरी महिनाभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, इथं लागला. मोकळं रान आहे ना, म्हणून.”

“मोकळं रान,” मामा म्हणाले. एवढंच. मग खाली बसून त्यांनी मूठभर वाळू उचलली आणि बोटांच्या फटीतून सोडत राहिले.

मामांचं सगळं आयुष्य विहिरी खोदण्यात गेलं. माण तालुक्यातला जन्म, आणि चाळीस वर्षांचं काम तालुक्यातल्या आणि आसपासच्या रानांतलं. आधी पहार-घमेलं, मग सुरुंग, मग यारी. सव्वाशेच्या वर विहिरी त्यांनी पाडल्या आहेत आणि कोणत्या विहिरीला किती हातांवर पाणी लागलं हे त्यांना आजही तोंडपाठ आहे. त्यांच्या लेखी जमिनीला वरचा भाग नसतोच. मुरूम कुठपर्यंत, खडक कुठून, पाझर कोणत्या अंगानं, एवढीच जमीन. त्यामुळे निव्वळ वर साचलेली ही वाळू त्यांना दाखवावी कशी, हा मला खरोखरच प्रश्न होता.

मी त्यांना टेकडीच्या आडोशाच्या बाजूला नेलं. वारा ज्या बाजूनं येतो ती चढण लांबलचक आणि सौम्य असते, वाळू तिच्यावरून उड्या मारत वर येते. कण्यावर आली की पलीकडच्या उभ्या उतारावर घसरते. त्या उताराच्या मध्यावर मी हातानं थोडी वाळू ओढून काढली. खळगा पडला. वरची वाळू त्यात घसरली, तिच्या वरची तिच्या जागी आली, आणि असं करत तो खळगा उताराच्या अंगावरून हळूहळू वर चढत गेला. वाळू खाली येत होती आणि खूण वर जात होती. कण्याला टेकली तेव्हा कुठे थांबली.

मामा ते टक लावून बघत होते. मग म्हणाले, “मुरमाचा ढीग असाच बसतो.”

“म्हणजे?”

“हिरीतनं काडल्याला मुरूम काठावर वतायचा. किती बी वता, ढिगाचा उतार त्योच. ज्यादा उबा केलास तर ढासळून परत तिथंच येतो. नव्या पोराला आमी पयलं हेच शिकवायचो, ढिगाच्या बुडाशी बसू नगं.”

मला फार आनंद झाला. कारण हाच उतार मोजण्यात एका माणसानं उमेदीची वर्षं घातली होती. राल्फ बॅगनॉल्ड हा ब्रिटिश लष्करातला इंजिनिअर कैरोत नेमणुकीवर असताना सुट्टी काढून या वाळवंटात फिरायचा. 1930 साली तो फोर्ड गाड्या घेऊन या वाळूच्या महासागरात घुसला. गाडी इथं चालणारच नाही असं सगळे म्हणत. टायरमधली हवा कमी करायची, रुतली तर चाकाखाली लोखंडी पट्ट्या घालायच्या, इंजिनाची वाफ डब्यात धरून तिचं पाणी पुन्हा रेडिएटरला द्यायचं, या युक्त्या त्यानं आणि त्याच्या मित्रांनी इथं वापरून पक्क्या केल्या. आमच्या गाडीवाल्यानं सकाळी हवा सोडली ती त्याच रीतीनं. मग इंग्लंडला परत जाऊन बॅगनॉल्डनं वाऱ्याचा बोगदा बांधला, त्यात वाळू उडवली, कण कसा उडी मारतो आणि पडताना दुसऱ्या कणाला कसा उडवतो हे मोजलं, आणि 1941 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. मंगळावरच्या वाळूच्या टेकड्यांना आज त्याचं नाव दिलेलं आहे.

“उतार किती अंशाचा निगाला त्याच्या हिशेबानं?” मामांनी विचारलं.

“तेहतीस-चौतीसच्या आसपास.”

“बराबर हाय,” मामा म्हणाले, जणू बॅगनॉल्डचं गणित त्यांनी तपासून दिलं.

पण चहा घेताना मूळ वाद पुन्हा निघाला. मामांनी गाडीत पाण्याचे कॅन किती आहेत ते मोजून ठेवलं होतं. माणसं तीन, रात्र एक, कॅन सहा.

“हे तुझं मोकळं रान सा कॅनांचं हाय,” ते म्हणाले. “सातवा दिस उजाडला की ह्या रानात तुजं काय?”

“मामा, तसं तर कुठल्याही प्रवासात पाणी लागतंच.”

“लागतंच की. म्हणून सांगतो, इथं बगायचं आसंल तर पाणी बगायचं. कुणी आणलं, कुटनं आणलं. वाळू काय, वाऱ्याची वाळू हाय, वारा नेईल.”

मी त्यांना रोल्फ्सची गोष्ट सांगितली. वाटलं होतं की ती माझ्या बाजूची आहे. गेरहार्ड रोल्फ्स हा जर्मन प्रवासी 1873-74 च्या हिवाळ्यात दाखला ओअ‍ॅसिसमधून पश्चिमेला लिबियातल्या कुफ्राकडे निघाला. उंटांवर पाण्याच्या लोखंडी टाक्या लादलेल्या. पण वाळूच्या धारा इथं उत्तर-दक्षिण पसरलेल्या आहेत, शेकडो किलोमीटर. पश्चिमेला जायचं म्हणजे एकेक धार ओलांडायची, आणि एक ओलांडली की पुढं दुसरी उभीच. लादलेले उंट ते करू शकेनात. ऐन फेब्रुवारीत त्यांच्यावर पाऊस पडला, जिथं पाऊस पडणं हीच बातमी तिथं. रोल्फ्सनं त्या जागेचं नाव ठेवलं ‘पावसाचं रान’. आणि मग त्यानं हट्ट सोडला. धारांच्या मधल्या पट्ट्यातून, वाळू जिकडं नेईल तिकडं, दोनएक आठवडे उत्तरेला चालत तो या सिवात येऊन पोचला. वाळूचा महासागर हे नाव त्याच प्रवासातलं.

“म्हणजे बघा,” मी म्हटलं, “वाळूनं त्याला वाट दिली. त्यानं ठरवलेली वाट सोडल्यावर.”

“वाट वाळूनं दिली. जीव कुणी वाचवला? टाक्यांनी अन् पावसानं.” मामांनी चहाचा पेला वाळूत नीट दाबून ठेवला. “अन् सिवात आला तवा सिवा हुतं म्हणून. मळा नसता तर वाट कुटं गेली आसती?”

मामा ओअ‍ॅसिसला मळाच म्हणत होते. मराठीत आपण मरूद्यान हा शब्द शाळेत शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. मळा हा शब्द मला पटला. मळा म्हटलं की त्यात विहीर आली, पाट आला, पाण्याच्या पाळ्या आल्या, राखण आली. मरूद्यान म्हटलं की वाटतं, देवानं वाळूत सहज एक बाग टाकून दिली आहे.

खरं म्हणजे अबू बल्लासची गोष्ट मी त्यांना सांगायलाच नको होती. ती सरळसरळ त्यांच्या बाजूची निघाली. दाखलाच्या नैर्ऋत्येला साधारण 200 किलोमीटरवर, जिथं पाण्याचा थेंब नाही अशा ठिकाणी, एक टेकाड आहे. त्याच्या पायथ्याशी मातीच्या रांजणांचा खच सापडला, म्हणून त्याचं अरबी नाव पडलं अबू बल्लास, रांजणांचा बाप. बराच काळ लोकांना वाटायचं हा एकटाच साठा. पुढे कळलं की दाखलापासून गिल्फ कबीर पठारापर्यंतच्या जवळजवळ 400 किलोमीटरच्या वाटेवर असे तीसएक टप्पे आहेत. रांजण साधारण 4,200 वर्षांपूर्वीचे. कुणीतरी पुढं जायचं, रांजण पुरायचे, भरून ठेवायचे, परत यायचं. मग तांडा निघायचा. आणि तांडा उंटांचा नव्हता. इजिप्तमध्ये उंट सर्रास दिसायला अजून दीड-दोन हजार वर्षं होती.

“मंग?”

“गाढवं, मामा. गाढवांच्या पाठीवर पाणी न्यायचे, गाढवांसाठीच.”

मामा एकदम ताठ बसले. “गाडवाला रोज किती पाणी लागतं ठावं हाय का? आन् ते वाहतं किती? म्हंजे दोन टप्पे फुडं गेलं की जेवडं नेलं तेवडं त्यानंच पिलं. मंग रांजण भरायला खेपा किती झाल्या आसतील?” त्यांनी बोटावर हिशेब सुरू केला, मध्येच सोडला. बराच वेळ त्या रिकाम्या पट्ट्याकडे बघत होते. मला जिथं काही नसणं दिसत होतं तिथं त्यांना गाढवांची रांग दिसत असावी.

“ह्यो मानूस मोठा,” ते म्हणाले. “रांजण भरून माघारी आलेला. जो तांडा घिऊन गेला त्याचं नाव झालं आसंल. पर भरून माघारी येणारा मोठा.”

रात्री गार झालं. गाडीवाल्यानं ऑलिव्हच्या वाळक्या काटक्यांची शेकोटी केली. तो स्वतःच्या भाषेत काहीतरी गुणगुणत होता आणि आम्ही दोघं पांघरुणात गुरफटून बसलो होतो. मी परत म्हटलं, की मामा, हे आकाश, ही शांतता, याला काही किंमत नाही का तुमच्या हिशेबात?

बऱ्याच वेळानं मामा बोलले.

“तुझ्या आईनं मोकळं रान बगितलंय, पोरी. बाहत्तर साली.”

बाहत्तरच्या दुष्काळाबद्दल मी जे ऐकलं होतं ते सगळ्यांनी ऐकलेलं असतं. रोजगाराच्या कामावर खडी फोडणं, सुकडी, तांबडी मिलो. आई तेव्हा तेरा वर्षांची होती.

“आमचा आड आटला. पार तळ दिसायचा. पर रातभर पाझरून खालच्या कपारीत थोडं पाणी साठायचं. मोठं मानूस त्या कपारीत मावत नव्हतं. तुजी आई अंगानं बारीक. तिला दोरानं खाली सोडायचो. वाटीवाटीनं ती घागर भरायची. घागर वर यायची, रिकामी खाली जायची. चार घागरी झाल्या की मंग तिला वर वडायचं. वर आली की ती काय करायची? आडाच्या काठावर बसून चारी अंगाला बगायची. झाड न्हाई, गुरू न्हाई, पाखरू न्हाई. मोकळं.”

“दोर कुणी धरायचा?” मी विचारलं. उत्तर मला कळलं होतं.

“मी. सतरा वर्साचा हुतो. तळहात सोलून निघायचं.”

“आईनं मला कधी सांगितलं नाही.”

“सांगन्यासारकं काय हाय त्यात?”

ते झोपले. मी जागी राहिले. माझी झोपेची जागा मामांनी त्या रात्री माझ्याकडून काढून घेतली, आणि त्याबद्दल मला त्यांचा राग आला, हे मी लपवणार नाही. मोकळीक हा शब्द मी ज्या अर्थानं वापरत होते तो नळाच्या पाण्यावर वाढलेल्या मुलीचा होता. पण तो खोटा होता असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. आईला आडाच्या काठावरून जे दिसलं ते होतं-नव्हतं ते गेलेलं रान होतं. ही वाळू कुणाकडून काही हिरावून घेऊन झालेली नाही. ती आहेच अशी, आणि तिच्यापाशी काही मागता येत नाही म्हणूनच माणूस इथं शांत होतो. मामांना मी हे पहाटे सांगितलं. ते म्हणाले, “आसंल.” मला तेवढं पुरलं.

तिसऱ्या दिवशी मात्र बाजू बदलल्या.

सिवात शिरताना मामा खुशीत होते. आदल्या दिवशी इथल्या जुन्या झऱ्यावर त्यांचं मन रमलं होतं. ऐन अल-गुबा, गोल बांधून काढलेला, हिरव्या पाण्याचा. हिरोडोटसनं अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे की हा झरा दुपारी गार असतो आणि मध्यरात्री कढत. मामांनी पहाटेच हात घालून बघितला आणि निकाल दिला, “पाणी हाय तसंच ऱ्हातं, हवा बदलती. आपल्या आडाचं पाणी बी हिवाळ्यात कोमट लागतं न्हवं?” इथं झऱ्याच्या पाण्याच्या दिवस-रात्रीच्या पाळ्या घराघरांत वाटलेल्या असायच्या हे ऐकून तर ते हसलेच. भाऊकीतल्या सामाईक विहिरीवर दोन दिवस तुझे, दोन दिवस माझे करण्यात त्यांचंही आयुष्य गेलं होतं. शाली नावाचा जुना गढीवजा गाव बघताना त्यांना चिऊ-काऊच्या गोष्टीतलं शेणाचं घर आठवलं. कारण शालीची घरं मिठाच्या खड्यांची आणि चिखलाची. वर्षाकाठी जेमतेम 10 मिलिमीटर पाऊस पडतो तिथं ती शतकानुशतकं टिकली, आणि 1926 मध्ये तीन दिवस पाऊस लागला तेव्हा विरघळून ढासळली.

आता आम्ही एका बागेत थांबलो. गाडीवाल्याच्या चुलत्याची बाग. कोपऱ्यात एक पाइप जमिनीतून वर आलेला आणि त्यातून मनगटाएवढी धार सतत वाहत होती. मोटर नाही, झडप नाही, तोटी नाही. मामांनी आयुष्यात न पाहिलेली गोष्ट. ते धारेपाशी उकिडवे बसले, ओंजळ धरली, प्यायले, तोंडावर मारलं.

“कवापासनं वाहतंय?”

मी विचारून सांगितलं. वीस वर्षं. रात्रंदिवस.

“बंद?”

“बंद करायची सोयच नाही.”

मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ज्या माणसानं पाझराचा थेंब गोळा करायला सुरुंग लावले त्याच्यासमोर वीस वर्षं न थांबलेली धार होती. ते बागेत फिरू लागले. पलीकडच्या बांधाजवळ त्यांची चाल मंदावली. तिथले खजूर पिवळे पडले होते, काहींचे शेंडे करपले होते, आणि जमिनीवर पांढरं पडलं होतं. मामांनी खाली वाकून चिमूटभर माती जिभेवर ठेवली. थुंकली.

“चिबड झालंय,” ते म्हणाले. “मीठ फुटलंय.”

त्यांना ते ओळखायला कुणाची मदत लागली नाही. त्यांची मुलगी कृष्णाकाठी वाळवा तालुक्यात दिलेली आहे. बाराही महिने पाटाचं पाणी पिऊन तिथल्या उसाच्या कितीतरी जमिनी चिबड आणि खारवट झाल्या आहेत, जावयाचंही एक एकर त्यात गेलं आहे.

सिवाचं दुखणं पाणी कमी असण्याचं नाही, जास्त असण्याचं आहे. हा खड्डा समुद्रसपाटीच्याही 19 मीटर खाली आहे, इथून पाणी बाहेर वाहून जायला वाट नाही. पूर्वी थोडे झरे होते. मग माणसांनी हातानं आणि यंत्रानं विहिरींवर विहिरी पाडल्या, बऱ्याचशा अशाच उघड्या. बागांतून निथळलेलं पाणी जमिनीतलं मीठ घेऊन तळ्यांत उतरतं, तळी फुगतात, खालचं पाणी वर चढतं आणि खजुराची मुळं खारात उभी राहतात. सरकारनं अलीकडे कितीतरी विहिरी बुजवल्या आहेत आणि जादा पाणी ओअ‍ॅसिसबाहेर नेणारा कालवा काढला आहे.

“तरी बी पाणी हाय न्हवं,” मामा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. “काय तरी करून वळवता येतं. उमाळा हाय तवर...”

“उमाळा नाही, मामा.”

इजिप्त, लिबिया, सुदान आणि चाड या चार देशांच्या पोटात पसरलेला वालुकाश्म आहे, न्युबियन म्हणतात त्याला. या वाळवंटातल्या ओअ‍ॅसिसांचं गोडं पाणी त्यातलं. सहारा जेव्हा जेव्हा ओला होता, तळी आणि गवत होतं, तेव्हाच्या पावसांचं. पश्चिम वाळवंटातल्या विहिरींचं पाणी क्रिप्टॉन वायूच्या मदतीनं तपासलं गेलं आणि 2004 मध्ये निष्कर्ष छापून आला. ते पाणी दोन लाख ते दहा लाख वर्षांपूर्वीचं निघालं. खार्गा ओअ‍ॅसिसमध्ये 1959 पासून मोठ्या प्रमाणावर खोल विहिरी पाडल्या गेल्या. आधी त्यांतून पाणी आपोआप उसळायचं, पुढे दाब घटला आणि पंप बसवावे लागले.

मामांनी ते दोनदा विचारून घेतलं. दहा लाख? वर्षं? मग म्हणाले, “म्हंजे ही हीर न्हवं. हे पेव हाय.”

मला शब्द सुचला नव्हता तो त्यांना सुचला. पेवात धान्य भरून ठेवायचे, वरून लिंपायचे, दुष्काळ आला की उघडायचे.

“पेव उपसलं की सुगीला परत भरायचं आस्तं,” मामा म्हणाले. “हितं भरणार कोण?”

“कुणी नाही. तुमच्या रानात पाणी परत येतं, पाऊस पडला की. इथं वाळू परत येते. रोज. पाणी नाही. म्हणून म्हणते, इथं वाळूकडे बघायला शिकलं पाहिजे, ती एकच गोष्ट इथं वापरून संपणारी नाही.”

हे बोलताना मला जिंकल्यासारखं वाटलं, आणि बोलून झाल्यावर वाटेनासं झालं, कारण मामा त्या धारेकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत मी कधी न बघितलेली कळ होती.

“हा खड्डा पाडला कुणी?” त्यांनी विचारलं. “एकोणीस मीटर म्हंजे बक्कळ झालं.”

“मुख्यतः वाऱ्यानं, असं मानतात. मिठानं दगड फुटतो, सुटा होतो, वारा उडवून नेतो. लाखो वर्षं. खणता खणता ओल लागते तिथं थांबतो, ओली माती उडत नाही ना. जवळच कत्तारा आहे, तो तर समुद्रसपाटीखाली 133 मीटर गेलाय.”

“मंग टेकड्या रचणारा त्योच आन् हीर पाडणारा बी त्योच,” मामा म्हणाले. “पाण्याला लागला की थांबला. त्याला कळलं.”

बागमालकाशी त्यांना बोलायचं होतं. मी मध्ये बसले. मामांनी विचारलं, पाइपाला झडप का बसवत नाही? म्हातारा म्हणाला, बसवली असती, पण शेजाऱ्याची उघडी आहे. त्याचं पाणी माझ्याच बागेत येऊन साठणार, मग मी माझी बंद करून काय उपयोग. मामांनी विचारलं, मग सगळ्यांनी मिळून? म्हातारा हसला आणि आमच्यापुढं खजुराचं ताट सरकवलं. मामांनी एकही खजूर उचलला नाही, आधी बोलणं पुरं करायचं म्हणून. शेजाऱ्याची बाग किती, त्याच्या विहिरीला किती वर्षं झाली, पाणी खाली उतरायला चर कुठून काढता येईल, असं सगळं त्यांनी विचारलं. म्हाताऱ्यानं काठीनं जमिनीवर रेघा ओढून दाखवलं, मामांनी त्याच्या रेघेला बोटानं छेद दिला. मला पुढं भाषांतर करावं लागलं नाही. दोघं रेघांवरच बोलत होते.

परतीच्या वाटेवर, सिवा आणि मत्रूहच्या मधल्या त्या सपाट, दगडी पट्ट्यात, मध्येच मोबाइलला रेंज आली. मामांनी जावयाला फोन लावायला सांगितलं. स्पीकर लावून मी फोन त्यांच्या हातात दिला.

“आवो, मी बोलतोय. हां, बरं हाय. बगितलं सगळं. ते ऱ्हाऊ द्या. खालच्या चिबडात चर काडायचं ठरलं हुतं, त्याचं काय झालं?”

पलीकडून जावई काहीतरी लांबण लावून सांगत होता. शेजारचा आपल्या बांधातून चर जाऊ देत नाही, असं काहीसं.

“त्याला म्हनावं थांब,” मामा म्हणाले. “सोमवारी मी येतो. दोगांच्या मधी बसतो. आन् तवर पाटाचं पाणी घिऊ नगा. व्हय, एक पाळी सुटली तर सुटू द्या. ऐका माझं. एक पाळी सोडा.”